परदेशवास आणि नित्यजीवन : आनंदीबाई जोशी व पंडिता रमाबाई (१८८३–१८८६)

१

एकोणिसाव्या शतकातील महाराष्ट्रीयांच्या परदेशगमनाचा विचार आपल्याकडे प्रायः दोन अंगांनी झालेला आहे. एक, समुद्रपर्यटनाचा निषेध व तदनुषंगिक प्रायश्चित्ताचा वाद; आणि दुसरे, पाश्चात्त्य विचारांचा परिचय व त्यातून उद्भवलेली सुधारणेची प्रेरणा. ही दोन्ही अंगे महत्त्वाची आहेत यात शंका नाही. परंतु या दोहोंच्या मध्ये जो काळ गेला, म्हणजे बोटीतून उतरल्यापासून पुन्हा बोटीत चढेपर्यंत त्या मनुष्याने रोज काय खाल्ले, काय नेसले, थंडीत काय पेटविले आणि कोणाच्या छपराखाली दिवस काढले, त्याकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले नाही. हा तपशील चरित्रकारांच्या हाती सोपविण्याची, आणि चरित्रकारांनी तो करुणरसाच्या पोषणासाठी वापरण्याची प्रथा पडून गेली आहे.

प्रस्तुत निबंधात हा तपशीलच मुख्य विषय मानला आहे. त्यासाठी दोन समकालीन स्त्रियांची उदाहरणे घेतली आहेत. आनंदीबाई जोशी व पंडिता रमाबाई या दोघींनीही एप्रिल १८८३ मध्ये हिंदुस्थानचा किनारा सोडला. आनंदीबाई ७ एप्रिल रोजी कलकत्त्याहून अमेरिकेस निघाल्या. त्यांचे वय तेव्हा अठरा वर्षांचे होते. रमाबाई त्याच महिन्यात मुंबईहून इंग्लंडला गेल्या. त्या पंचवीस वर्षांच्या, विधवा, आणि बरोबर दोन वर्षांची मुलगी मनोरमा. दोघीही ब्राह्मण, दोघीही शाकाहारी, दोघींचाही मूळ उद्देश वैद्यकीय शिक्षणाचा. आरंभी इतके साम्य असताना पुढे दोघींच्या परदेशवासाचे स्वरूप इतके भिन्न का झाले, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

२

निघण्यापूर्वी २४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूर येथील कॉलेजच्या सभागृहात आनंदीबाईंनी जे भाषण केले, त्यात आपण हिंदू म्हणून जाऊ व हिंदू म्हणूनच परत येऊ, असे त्यांनी जाहीर केले होते. ही प्रतिज्ञा सभेत उच्चारली गेली असली तरी ती पाळावयाची होती ती मुख्यतः स्वयंपाकघरात, हे लक्षात घेतले पाहिजे.

४ जून १८८३ रोजी त्या न्यूयॉर्कला पोहोचल्या आणि न्यू जर्सीतील रोझेल या गावी थिओडोसिया कार्पेंटर यांच्या घरी राहिल्या. कार्पेंटरबाईंनी गोपाळराव जोशी यांचा एका मिशनरी नियतकालिकात छापलेला पत्रव्यवहार वाचून आपण होऊन ओळख करून घेतली होती. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या घरात आनंदीबाईंची स्थिती पाहुणीची होती. पाहुणीच्या आहारविहाराला मान देणे हा यजमानाचा शिष्टाचार असल्यामुळे तेथे त्यांना आपले पदार्थ आपल्या हाताने करता येत. या वास्तव्यात आहाराचा प्रश्न उपस्थित झाला तो कौतुकाच्या रूपाने. संघर्षाच्या रूपाने नव्हे.

त्याच वर्षीच्या शरद ऋतूत आनंदीबाई फिलाडेल्फियास गेल्या आणि चित्र पालटले. तेथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८५० मध्ये झालेली होती. प्राचार्या रेचल बॉडली यांनी तीन वर्षांसाठी सहाशे डॉलरांची शिष्यवृत्ती मिळवून दिली. परंतु आता त्या पाहुण्या नव्हत्या. खोली घेऊन राहणाऱ्या विद्यार्थिनी होत्या. व्याख्याने, शवविच्छेदन व पाठांतर यांतून उरलेल्या वेळात स्वयंपाक स्वतःच करावयाचा. खोलीतील शेकोटी इतकी धुरकट होती, की धूर सोसावा किंवा थंडी, एवढीच निवड शिल्लक राहावी. कोकणपट्टीतील कल्याणमध्ये जन्मलेल्या स्त्रीला त्या हिवाळ्याची पूर्वकल्पना असणे शक्य नव्हते. त्यांची प्रकृती फिलाडेल्फियाच्या वास्तव्यात ढासळत गेली. तिची सर्व कारणे त्या खोलीत शोधणे योग्य होणार नाही. क्षयाचे निदान पुढे झाले आणि रोगाचा आरंभ नेमका केव्हा झाला हे केवळ पत्रांवरून ठरविता येत नाही. तथापि धर्मपालनाचे जे ओझे घरी सासर-माहेरच्या अनेक हातांत वाटले गेले असते, ते येथे एकटीच्या हातांवर पडले, एवढे निश्चित म्हणता येईल.

वस्त्राच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल विशेष बोलका आहे. नऊवारी नेसण्याच्या पद्धतीत पायांचा खालचा भाग उघडा राहतो. तो तेथील समाजाच्या दृष्टीने असभ्य आणि तेथील हवेच्या दृष्टीने असह्य होता. यावर आनंदीबाईंनी साडी न सोडता गुजराती पद्धतीने नेसण्यास आरंभ केला व तसे पतीला कळविले. म्हणजे तडजोड झाली ती पाश्चात्त्य वेषाशी नव्हे, तर स्वदेशातीलच दुसऱ्या प्रांताच्या रीतीशी. १० ऑक्टोबर १८८५ रोजी घेतलेल्या प्रसिद्ध छायाचित्रात जपानची केई ओकामी व सीरियाची साबात इस्लाम्बूली यांच्यासमवेत आनंदीबाई साडीतच दिसतात. परदेशवास मनुष्याला आपल्या देशाचा विस्तार कसा दाखवून देतो, याचे हे एक लहानसे परंतु खात्रीचे प्रमाण आहे.

३

रमाबाईंची स्थिती मुळापासून निराळी होती. पुण्यात ज्यांच्याशी परिचय झाला त्या अँग्लिकन भगिनींच्या वाँटेज येथील मठात त्या उतरल्या. प्रवासखर्चासाठी ‘स्त्रीधर्मनीति’ या आपल्या पुस्तकाच्या विक्रीचे उत्पन्न त्यांनी वापरले आणि वाँटेजमध्ये हिंदुस्थानात जाणाऱ्या भगिनींना मराठी शिकवून निर्वाहाची फेड करावयाची, असे ठरले. श्रवणदोषामुळे वैद्यकीय शिक्षणाचा विचार सोडावा लागला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८८४ पासून चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या महाविद्यालयात डॉरोथिआ बील यांच्या देखरेखीखाली त्या शिकू व संस्कृत शिकवू लागल्या.

येथे एक गोष्ट प्रथमदर्शनी विसंगत वाटते. रमाबाईंनी धर्म बदलला, पण आहार बदलला नाही. मांस तर नाहीच, परंतु ज्यात अंडे आहे असे गोड पक्वान्नही त्या घेत नसत. सिस्टर जेरल्डिन यांना यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसला आणि तो नव्या धर्माशी विसंगत आहे असे त्यांनी स्पष्टपणे कळविले. रमाबाईंचे उत्तर तितकेच स्पष्ट होते. आपल्या जुन्या सवयी आपणांस प्रिय आहेत, आणि त्या सोडणे हा ख्रिस्ती होण्याचा आवश्यक भाग नव्हे, असा त्याचा आशय होता. गळ्यात घालावयाच्या क्रुसावरील अक्षरे लॅटिन असावीत की संस्कृत, हा वादही याच मालिकेतील आहे. जी भाषा आपल्या देशबांधवांना कळत नाही, ती आपण का मिरवावी, असा रमाबाईंचा युक्तिवाद होता. मनोरमेचे धार्मिक शिक्षण कोणी व कसे करावे, या प्रश्नावर तर हा ताण अधिकच तीव्र झाला.

हे वाद आज आपणांस वाचता येतात, कारण सिस्टर जेरल्डिन यांनी ती पत्रे जपून संकलित केली व पुढे १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाखाली ती प्रसिद्ध झाली. संकलन वादातील एका पक्षाने केलेले आहे, हे वाचकाने विसरता कामा नये. आनंदीबाईंच्या बाबतीतही साधनांची हीच अडचण आहे. कॅरोलाइन हीली डॉल यांचे १८८८ चे इंग्रजी चरित्र हे अमेरिकन वाचकांसाठी, मृत्यूनंतर लगेच, आदरांजलीच्या भावनेने लिहिलेले आहे. दोन्हीकडे नित्यजीवनाचा तपशील आपल्यापर्यंत पोहोचतो तो कोणाच्या तरी समर्थनाचा पुरावा म्हणून.

४

दोन्ही उदाहरणे एकत्र पाहिली असता असा निष्कर्ष निघतो, की परदेशाशी जुळवून घेणे हे केवळ जाणाऱ्याच्या उदार अथवा सनातन वृत्तीवर अवलंबून नसते. चूल कोणाच्या ताब्यात आहे, हा प्रश्न त्याहून अधिक निर्णायक ठरतो. रोझेलमध्ये आनंदीबाई पाहुण्या होत्या, म्हणून त्यांचा शाकाहार आदरास पात्र झाला. फिलाडेल्फियात त्या स्वतंत्र होत्या, म्हणून तोच शाकाहार कोणी आक्षेपिला नाही. पण त्याची किंमत त्यांना एकटीने श्रमाने द्यावी लागली. वाँटेजमध्ये रमाबाई आश्रित होत्या, आणि आश्रिताचे ताट हे आश्रयदात्याच्या अधिकाराचे क्षेत्र मानले जाते. तेथे तोच शाकाहार अवज्ञा ठरला. आहार एक, अर्थ तीन.

यावर असा आक्षेप येईल, की रमाबाईंचा खरा वाद ताटाविषयी नसून मतस्वातंत्र्याविषयी होता. हे मान्य आहे. परंतु मतस्वातंत्र्याचा कस प्रथम ताटावरच लागला, हेही तितकेच खरे. ज्यांनी अंड्याच्या पदार्थापुढे हात आखडला, त्यांनीच पुढे बिशपांच्या आज्ञेपुढे आपल्या विवेकाला अधिक मान दिला.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना पदवी मिळाली, त्या समारंभास रमाबाई इंग्लंडहून येऊन उपस्थित राहिल्या. तीन वर्षांपूर्वी एकाच महिन्यात निघालेल्या या दोघी त्या दिवशी एका सभागृहात होत्या. पुढे आनंदीबाई नोव्हेंबर १८८६ मध्ये स्वदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या रुग्णालयात जी जागा त्यांच्यासाठी राखली होती, ती त्यांना भूषविता आली नाही. रमाबाई १८८९ मध्ये परतल्या. त्या वर्षी ११ मार्च रोजी, म्हणजे आनंदीबाईंच्या पदवीदानाला बरोबर तीन वर्षे झाली त्या तारखेस, त्यांनी मुंबईत शारदासदन उघडले. प्रारंभीच्या काळात तेथे येणाऱ्या विधवांना आपापला आचार व आहार सांभाळण्याची मोकळीक ठेवण्यात आली होती. या धोरणामागे लोकमताचा विचार होताच. परंतु आश्रिताच्या ताटाला कोणी हात लावला म्हणजे काय वाटते, हे ज्या बाईने वाँटेजमध्ये अनुभवले होते, तिचे ते धोरण होते, हेही अभ्यासकाने ध्यानात ठेवावयास हवे.