फुकट वेबसाइटचं दुसरं वर्ष

मी मालाडहून बोलतोय. आज इतिहास सांगणार आहे, पण गडकिल्ल्यांचा नाही. छोट्या धंद्यांच्या वेबसाइटचा. वय जेमतेम तीस वर्षं, पडझड मात्र भरपूर.

१५ ऑगस्ट १९९५ ला व्हीएसएनएलने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं. तेव्हा वेबसाइट म्हणजे मोठ्या कंपन्यांचं काम. दुकानदाराला पाटी पुरायची.

मग नोव्हेंबर २०११ मध्ये गुगलने भारतातल्या छोट्या धंद्यांसाठी मोहीम काढली. स्वतःचा डॉट इन पत्ता आणि वेबसाइट, पहिलं वर्ष फुकट. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. जानेवारी २०१७ मध्ये सुंदर पिचाईंनी दिल्लीत आणखी सोपी योजना जाहीर केली. फोनवरूनच फुकट वेबसाइट बनवा, डोमेन नको, होस्टिंग नको.

योजना चांगल्या होत्या. पण गाजावाजा झाला तो वेबसाइट बनवण्याचा. दुसऱ्या वर्षी ती कोण सांभाळणार, हे कुणी ठळक अक्षरांत सांगितलं नाही.

पाटी एकदा रंगवली की चार-पाच पावसाळे काढते. वेबसाइटचं तसं नसतं, कारण तिच्याखालची जमीनच सरकत असते. तारखाच बघा. एप्रिल २०१५ मध्ये, मोबाइलवर नीट न दिसणारी पानं गुगलने मोबाइलवरच्या शोधात मागे टाकायला सुरुवात केली. जुलै २०१८ पासून, एचटीटीपीएस नसलेल्या प्रत्येक साइटवर क्रोम 'सुरक्षित नाही' असा शिक्का दाखवू लागला. २०१८ संपताना पीएचपी ५.६ चे सुरक्षा अपडेट थांबले. असंख्य साइट्स त्यावरच चालत होत्या. २०२० संपताना फ्लॅश बंद झालं.

या सगळ्यात दुकानदाराने काय बिघडवलं? काहीच नाही. त्याने काहीच केलं नाही, आणि नेमकं तेच नडलं.

मार्च २०२४ मध्ये गुगलने त्या फुकट वेबसाइटही बंद केल्या. १० जूनपर्यंत जुना पत्ता टाकला की गुगलवरची दुकानाची नोंद उघडायची. त्यानंतर तेही थांबलं. ज्यांनी हा पत्ता पिशव्यांवर, व्हिजिटिंग कार्डांवर छापला होता, त्यांच्या हातात नुसता कागद उरला.

स्वतःचं डोमेन घेतलं म्हणजे सुटलो, असंही नाही. आमच्या मालाड पूर्वेला घरगुती मसाले विकणाऱ्या एक काकू आहेत. दिवाळीच्या तोंडावर त्यांची साइट गायब झाली. बघितलं तर डोमेनची मुदत संपलेली. रिन्यूअलचे ईमेल गेले होते साइट बनवणाऱ्या मुलाच्या पत्त्यावर, आणि त्या मुलाने ते काम कधीच सोडलेलं. डोमेनही त्याच्याच नावावर. काकू म्हणाल्या, "अरे, पैसे मी भरले, मग पत्ता त्याचा कसा?" प्रश्न बरोबर होता. त्याला शोधून काढून पत्ता परत मिळवला, तोवर दिवाळीच्या ऑर्डरी गेल्या होत्या. मुदतीनंतर थोडे दिवस सवलत मिळते. ती संपली की तोच पत्ता कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तिथे जुगाराची जाहिरातही लावू शकतं. तुमच्या नावावर!

तर मंडळी, घरात कुणाचा धंदा असेल तर आज चार गोष्टी बघा. डोमेन मालकाच्या नावावर आणि मालकाच्याच ईमेलवर आहे का? रिन्यूअलची तारीख फोनच्या कॅलेंडरमध्ये आहे का? बॅकअप होस्टिंगच्या बाहेर, वेगळ्या ठिकाणी ठेवलाय का? महिन्यातून एकदा अपडेट मारून, आपणच गिऱ्हाईक बनून फोन नंबर, भाव आणि ऑर्डरचा फॉर्म कुणी तपासतं का?

महिन्याला तासाभराचं काम आहे. आपण रोज शटर उघडल्यावर उंबऱ्यापुढे झाडू मारतोच की. हा त्याच दुकानाचा दुसरा उंबरा. भेटू पुढच्या भागात!