माळढोक, गिधाड आणि अभयारण्याचा तोडगा

माळढोक आणि गिधाड दोन्ही अतिसंकटग्रस्त, तेव्हा अभयारण्य जाहीर करा, झाडे लावा, माणसाला लांब ठेवा, असे सर्रास म्हटले जाते. आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत दोघे एकाच वर्गात आहेत, हे खरे. मात्र धोका किती एवढेच त्यातून कळते. तो कशाने आला हे पक्ष्यागणिक तपासावे लागते.

माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-नगरमध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात नेवासा तालुकाही होता, आणि मुळा धरणाचा उजवा कालवा राहुरी तालुक्यातून तिकडेच जातो. कागदावर अभयारण्य, शिवारात ऊस! जमिनीच्या व्यवहारांवरील बंधनांनी शेतकरी दुखावला, पक्षीही वाढला नाही. पुढे क्षेत्र १,२२२ चौरस किलोमीटरांवर आणावे लागले. माळढोकाची मादी उघड्या गवताळ माळावर, जमिनीवरच एक अंडे घालते. तिथे झाडे लावणे म्हणजे तिची जागाच काढून घेणे. शिवाय या जड पक्ष्याला समोरचे नीट दिसत नाही, त्यामुळे विजेच्या तारा त्याला चुकवता येत नाहीत.

गिधाडांना खायला उरले नाही म्हणून ती गेली, हा दुसरा समज. राहुरी तर दुभत्या जनावरांचा तालुका. मेलेल्या जनावरांची वाण कधी नव्हती. मेलेली गिधाडे फाडून पाहिली तेव्हा हृदयावर, यकृतावर खडूसारखा पांढरा थर दिसला. तो युरिक आम्लाचा होता, कारण मूत्रपिंडे निकामी झाली होती. डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक टोचलेले जनावर मेले आणि ते गिधाडांनी खाल्ले की हे घडते, हे २००४ साली पाकिस्तानातील अभ्यासातून सिद्ध झाले. शंभरात एकाहूनही कमी मढ्यांत हे औषध असले, तरी संख्या कोसळायला पुरते. गिधाड अन्नासाठी दूरदूर फिरते. अभयारण्याची हद्द त्याचे विष कशी अडवणार?

जनावरांसाठी डायक्लोफिनॅकवर २००६ साली बंदी आली. त्याच औषधाच्या माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जात राहिल्या, म्हणून २०१५ साली त्याही बंद कराव्या लागल्या. २०२३ साली किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकही जनावरांसाठी बंद झाले. मेलोक्झिकॅम मात्र गिधाडांना बाधत नाही आणि गायीची सूज, ताप, वेदनाही उतरवते.

उसाखाली गेलेला माळ राहुरीला माळढोकासाठी परत देता येणार नाही, हे मान्य केले पाहिजे. गिधाडाचे तसे नाही. त्याच्यासाठी एक गुंठाही सोडावा लागत नाही. गाय तापली, कास सुजली, तर डॉक्टरांना मेलोक्झिकॅमच द्यायला सांगा, आणि माणसांचे वेदनाशामक इंजेक्शन गोठ्यात येऊ देऊ नका.