खाजन शेती : भात आणि मासळीमधील मानस

मांडवी, झुवारी आणि त्यांच्या खाड्यांलगतच्या सखल पट्ट्यात भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून तयार केलेल्या जमिनीला गोव्यात 'खाजन' म्हणतात. बांदिवडे येथील अनिर्जितवर्मनाच्या ताम्रपटात 'खज्जन' हा शब्द आढळतो. हा ताम्रपट इसवी सनाच्या सहाव्या-सातव्या शतकातील मानला जातो, म्हणजे पोर्तुगीजांच्या आगमनापूर्वी कित्येक शतके ही विद्या येथे रुजली होती. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन असल्याचे सांगितले जाते. तिचा बराच भाग आज पडीक आहे.

नदीकडचा बांध चिखल, पेंढा आणि जांभा दगड यांचा. त्याच्या पुढ्यातील खारफुटी लाटांचा मारा सौम्य करते. बांधात जागोजागी 'मानस' असते आणि खाजनाचा जीव या मानशीत आहे. तिची लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटतात. ओहोटीला आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. मानशीच्या आतल्या बाजूस 'पोंय' हा खोलगट भाग असतो. शेतातले जादा पाणी तिथे उतरते, तिथून नदीत जाते. ना यंत्र, ना इंधन.

जूनच्या सरी जमिनीतले मीठ धुऊन काढतात आणि मग मोड आलेले बी फोकून पेरले जाते. पीक एकच, सरदीचे. वायंगणाला येथे गोडे पाणी मिळत नाही. 'कोर्गुट' हे या मातीचे खास भात. त्याचा दाणा जाड व तांबूस. खारटपणा आणि साचलेले पाणी ते सोसते. उतारा मात्र बेताचा. त्याच्या उकड्या तांदळाची पेज आणि सोबत सुक्या सुंगटांची किसमूर हा घरोघरचा आहार याच बांधांच्या आधारावर उभा आहे. (कोर्गुटातूनच निवड करून जुने गोवे येथील कृषी संशोधन संस्थेने 'गोवा धान १' व 'गोवा धान २' हे वाण दिले.) कापणीनंतर मानशीतून खारे पाणी मुद्दाम आत घेतात. त्यामुळे तण मरते, गाळ येतो आणि सुंगटे, शेवटे, काळुंदर, चोणक, कुर्ल्याही येतात. केरळातील पोक्काळी शेतीची रीतही अशीच आहे.

भात आणि मासळी यांचे वैर नाही. पण दार केव्हा उघडावे व केव्हा मिटावे, हे एकाच अधिकाराने ठरावे लागते. हा अधिकार गावकरीकडे, म्हणजेच कोमुनिदादीकडे होता. मानशीवरील मासेमारीची पावणी (लिलाव) होई आणि बांधांची डागडुजी ही तिचीच जबाबदारी असे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्याला संरक्षण दिले. हे न्याय्यच होते. पुढे बांधांची जबाबदारी कूळ संघटनांकडे आली. परंतु शेती सोडून नोकरीधंद्याला लागलेल्या सभासदांना मानशीची पावणी तेवढी आकर्षक वाटू लागली. पावणी घेणाऱ्याला मासळी हवी, भात नव्हे. त्यामुळे तो पावसाळ्याच्या तोंडावरही खारे पाणी आत ठेवतो. कुठे दारे मोडली, कुठे बांधाला भगदाड पडले तरी दुरुस्तीची घाई कोणाला नसते. सरकारी अनुदानातून बांध उभा राहतो हे खरे, पण रोज भरती-ओहोटी पाहून दार सांभाळणारा माणूस अनुदानातून मिळत नाही.

नुकसान एका हंगामापुरते राहत नाही. फुटलेल्या बांधामागे खारे पाणी ठाण मांडून बसले की काही वर्षांतच तेथे खारफुटी उगवते. बांधाबाहेर हीच खारफुटी रक्षक असते, आत मात्र ती शेत गिळते. किनारी नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांचा स्वतंत्र उल्लेख करून तेथील बांधकामांना आळा घातला. त्याच नियमांनुसार खारफुटी तोडण्यास मनाई आहे. त्यामुळे बांध पुन्हा घालण्याची तयारी असलेल्या शेतकऱ्यालाही तेथे पुन्हा भात पेरणे अवघड होते.