रंगभवन बंद पडलं आणि बंगळूरचा रस्ता उघडला

बंगळूरला कुणी 'भारताची रॉक राजधानी' म्हटलं की मला हसू येतं. राजधानी मुंबईत होती, धोबीतलावला. सेंट झेवियर्स कॉलेजच्या मागच्या गल्लीत रंगभवन नावाचं खुलं नाट्यगृह होतं. 26 मार्च 1980 रोजी 'द पोलिस' हा ब्रिटिश बँड तिथं वाजवून गेला. कार्यक्रम भरवला होता टाइम अँड टॅलेंट्स क्लबनं, म्हणजे धर्मादाय कामं करणाऱ्या पारशी बायकांनी! 1986 पासून 15 ऑगस्टच्या सुमारास 'इंडिपेंडन्स रॉक' हा महोत्सव भरू लागला. आम्हा कोल्हापूरच्या पोरांचा प्रवास तेव्हा उत्तरेकडं असायचा. रात्री महालक्ष्मी एक्स्प्रेस धरायची, सकाळी व्हीटीला उतरायचं आणि चालत रंगभवन गाठायचं. घरी सांगताना 'आत्याकडं जातोय'.

2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. हॉस्पिटल, शाळा-कॉलेज, कोर्ट यांच्याभोवती 100 मीटरपर्यंत शांतता क्षेत्र. रंगभवनच्या एका अंगाला कॉलेज आणि जवळच बायका-मुलांचं कामा हॉस्पिटल. नियम चुकीचा होता असं मी म्हणणार नाही. बाळंतिणीच्या उशाशी डबल बेस ड्रम वाजावेत असं कोण म्हणेल? पण त्या तोडीची, भर शहरातली, परवडणारी दुसरी जागा मुंबईत पुन्हा मिळाली नाही. रंगभवनचे दिवे गेले ते गेलेच.

बंगळूरला याच्या बरोबर उलटं झालं होतं. तिथल्या राजवाड्याभोवती साडेचारशे एकरांच्या आसपास जमीन. ती ताब्यात घ्यायला कर्नाटक सरकारनं 1996 साली कायदा केला, म्हैसूरचं वडियार राजघराणं कोर्टात गेलं आणि प्रकरण वर्षानुवर्षं लोंबकळलं. कज्ज्यात अडकलेल्या जमिनीवर टॉवर उभे राहत नाहीत. मग तिथं लग्नं, प्रदर्शनं आणि रॉक. पॅलेस ग्राउंड्स म्हणतात ते हेच. बंगळूरकरांचे कान आमच्यापेक्षा तयार होते वगैरे सगळं नंतर रचलेलं पुराण. त्यांच्याकडं मैदान होतं, आमच्याकडं नव्हतं.

राहता राहिला रस्ता. स्वर्णिम चतुष्कोण योजनेत पुणे-बंगळूर महामार्ग चौपदरी होत गेला. जुन्या एनएच 4 वर ट्रकमागं तासन्तास रांगत ज्यांनी बेळगाव गाठलंय त्यांनाच याची किंमत कळेल. कोल्हापूर ते बंगळूर सहाशे किलोमीटरवर थोडं. संध्याकाळी निघावं, सकाळी पोचावं. हुबळी-धारवाडचा बायपास तेवढा दुपदरी राहिला होता आणि तिथं ड्रायव्हर हमखास शिव्या घालायचा.

1975 साली लंडनमध्ये निघालेला आयर्न मेडन हा हेवी मेटल बँड भारतात यायला 2007 उजाडलं. तारीख 17 मार्च, शनिवार, आणि जागा बंगळूरचं पॅलेस ग्राउंड्स. ही बातमी आमच्याकडं आली ती पुण्याच्या मित्राच्या फोनवरून. त्याआधी आमचा आधार म्हणजे अलाहाबादहून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल' आणि एकावरून दुसरी भरत गेलेल्या कॅसेट्स. शुक्रवारी संध्याकाळी पुण्याहून निघालेल्या ठरावाच्या बसमध्ये आम्ही तावडे हॉटेलपाशी चढलो. सगळ्यांच्या अंगात काळे टी-शर्ट, छातीवर मेडनचा तो एडी नावाचा सांगाडा. निपाणीच्या अलीकडं जेवायला थांबलो तर हॉटेलवाल्या मामांनी विचारलं, "कुठल्या तालमीची रं पोरं?" एक पुणेकर त्यांना हेवी मेटल समजावून सांगायला बसला. मामांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हंजे डॉल्बीच की." त्याला यापुढं उत्तर सुचलं नाही. मला आजही सुचत नाही.

सकाळी चित्रदुर्गाच्या डोंगरांवर पवनचक्क्या दिसल्या तेव्हा मागची बाकं अजून घोरत होती. पॅलेस ग्राउंड्सवर आसामी, मल्याळी, बंगाली, कानडी सगळ्या बोली कानावर आल्या. ईशान्येकडची पोरं दोन-दोन रात्री रेल्वेत काढून आली होती. आमचे सहाशे किलोमीटर त्यांना सांगायची लाज वाटली. आधी दिल्लीचा परिक्रमा बँड वाजला. हेच लोक पुढं जूनमध्ये इंग्लंडच्या डाउनलोड फेस्टिव्हलला वाजवून आले. मग मेडन. गायक ब्रूस डिकिन्सन पन्नाशीच्या उंबरठ्यावर होता आणि विशीतल्या पोरासारखा पळत होता.

त्याच रात्री पोर्ट ऑफ स्पेनला विश्वचषकात बांगलादेशनं भारताला हरवलं. 191 वर सगळे बाद. परतीच्या बसमध्ये ड्रायव्हर सुतकात आणि मागं चाळीस पोरं घसा बसेपर्यंत गात होती. त्यानं आमच्याकडं असं पाहिलं की जणू धोनीला शून्यावर आम्हीच बाद केलं.

पुढच्याच वर्षी, 1 फेब्रुवारी 2008 रोजी, मेडननं आपला जागतिक दौरा मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलातून सुरू केला. पण तेवढ्यानं वाट बदलली नाही. मेटॅलिका आली ती 2011 च्या दिवाळीत आणि पुन्हा बंगळूरलाच. भाऊबिजेदिवशी, 28 ऑक्टोबरला, त्यांचा गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला आणि चिडलेल्या लोकांनी मंचाची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो ते बंगळूरलाही हेच होणार या धास्तीनं. बसमध्ये लाडू-चिवड्याचे डबे फिरत होते, पण बोलत कुणी नव्हतं. 30 तारखेला मैदानात घोटाभर चिखल होता आणि मेटॅलिका वाजली.

आता मोठे बँड नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर येतात. यू2 तिथं डिसेंबर 2019 मध्ये वाजवून गेला. प्रवास मात्र संपलेला नाही, दिशा तेवढी बदलली. जानेवारी 2025 मध्ये कोल्डप्ले अहमदाबादला वाजवणार म्हणून पश्चिम रेल्वेनं मुंबईहून खास गाड्या सोडल्या. आमच्यासाठी अशी गाडी कधी कुणी सोडली नाही, आणि खरं सांगायचं तर सोडली असती तरी आम्ही बसनंच गेलो असतो.