काळ्या सायकलच्या टायरचे भाऊबंद

न्हावा शेवा बंदर 26 मे 1989 ला सुरू झालं आणि उरण तालुक्यातले रस्ते ट्रेलरवाल्यांचे झाले. मधली लेन काँक्रीटची झाली तरी सायकलवाल्याच्या वाट्याला येते ती कडेची पट्टी: सुटी खडी, उखडलेलं डांबर, पावसाळ्यात तळाचा अंदाज न येणारे खड्डे. या पट्टीवर बारीक टायरची महागडी सायकल हाडं खिळखिळी करते आणि कॅरिअरवर ओझं बांधलेली जुनी काळी सायकल बिनतक्रार निघून जाते.

हवेचा टायर मुळात हादरे वाचवायलाच जन्मला. बेलफास्टमधले गुरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी 1887 मध्ये तो मुलाच्या तीनचाकीला बसवला. रॉबर्ट थॉमसन यांनी 1845 मध्येच असं पेटंट घेतलं होतं, पण तेव्हा पायडल मारायची सायकलच कुठे होती! 1889 मध्ये हवेच्या टायरवाला गडी शर्यती जिंकू लागला आणि टायर शर्यतवाल्यांच्या हाती गेला.

काळ्या सायकलच्या टायरवर 28 × 1½ छापलेलं असतं. अठ्ठावीस इंच ही हवा भरलेल्या चाकाची बाहेरची उंची, दीड इंच रुंदी. रिमचं माप 635 मिलिमीटर. फ्रेंचांनी 700 मिलिमीटर उंचीचं चाक धरून ए, बी, सी अशा तीन रिमा ठरवल्या. टायर जितका जाड, तितकी रिम लहान, म्हणजे चाकाची उंची तीच राहते. त्यातली बी म्हणजेच आपली 635. आणि सर्वांत जाड, सुमारे 40 मिलिमीटरच्या टायरसाठी केलेली सी, म्हणजे 622, तीच आज रेसिंग सायकलींना असते. जाड टायरसाठी घडवलेल्या रिमवर शर्यतवाल्यांनी 23 मिलिमीटरचा टायर चढवला आणि आपण त्यालाच प्रगती समजलो.

कडक हवा म्हणजे वेग, हा समज गुळगुळीत पोलादी ड्रमवरच्या चाचण्यांनी पक्का केला. ड्रमवर माणूस बसलेला नसतो. खडबडीत रस्त्यावर ताठ टायर प्रत्येक खड्याला सायकलसकट स्वाराला उचलतो. ती ताकद मांड्या-पाठीच्या थरथरीत विरते. सिअ‍ॅटलच्या यान हाइने यांनी खऱ्या रस्त्यावर चाचण्या घेऊन हे दाखवलं. अमेरिकन अभियंता फ्रँक बर्टो यांचा हिशेब त्याआधीचा: स्वार बसल्यावर टायरची उंची पंधरा टक्के दबावी. 40 च्या टायरला म्हणजे सहा मिलिमीटर.

काळ्या सायकलच्या व्हॉल्ववर गेज नीट चालत नाही, कारण आतली रबरी नळी उघडायलाच काही दाब खर्च होतो. म्हणून सायकलचा दुकानदार अंगठ्याने टायर दाबून बघतो. मागचं चाक तो पुढच्यापेक्षा कडक ठेवतो, आणि ते बरोबरच आहे. स्वाराचं निम्म्याहून जास्त वजन मागे पडतं, वर कॅरिअरचं ओझं. हवा फार कमी झाली तर खड्ड्याच्या कडेवर ट्यूब रिमखाली चिमटते आणि शेजारीशेजारी दोन भोकं पडतात. अशी भोकं दिसली की हवा थोडी वाढवायची. नसतील, तर अजून थोडी सोडून बघायला हरकत नाही.

622 च्या रिमची नवी सायकल घेणाऱ्याने गिअर मोजण्याआधी फोर्कात आणि मागच्या दांड्यांमध्ये 40 चा टायर मावतो का, ते पाहावं. उरणमधल्या करळ-जासईच्या कडेपट्टीवर गिअरपेक्षा ती जागा जास्त उपयोगी पडते.