परिचारिकेचा शब्द

नवी मुंबईंत नेरूळ व कामोठें येथें परिचर्येचें शिक्षण देणारीं महाविद्यालयें आहेत. तेथील विद्यार्थिनींना, आणि आतां विद्यार्थ्यांनाही, शरीररचना, औषधें व जंतुशास्त्र यांच्या जोडीला रोग्याशीं कसें बोलावें हाही एक विषय अभ्यासावा लागतो. जुन्या वळणाच्या मनुष्यास हें ऐकून थोडें हसूं येतें. बोलणें ही काय शिकवावयाची गोष्ट आहे? ज्या मुलीनें आपल्या आजीला आजारी माणसाच्या उशाशीं बसलेलें पाहिलें आहे, तिला आणखी कोणता पाठ द्यावयाचा? परंतु हा विषय पाठ्यक्रमांत सहजासहजीं आलेला नाहीं. त्याच्यामागें बराच मोठा आणि कांहींसा कटु असा इतिहास आहे. आणि त्यांतील आपल्या प्रांताला जवळचा भाग खाडीपलीकडे मुंबईंत व घाटावर पुण्यांत घडला.

तसें पाहिलें तर कल्पना जुनीच. चरकसंहितेनें वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी असे चिकित्सेचे चार पाय सांगितले आहेत, आणि परिचारकाच्या अंगीं उपचाराचें ज्ञान, दक्षता व शुचिता यांच्याबरोबर रोग्याविषयीं अनुराग असावा असें म्हटलें आहे. हा अनुराग घरांत आयताच मिळे. म्हणून घराबाहेर, परक्यांच्या हातीं रोगी सोंपविण्याची वेळ येईपर्यंत या चौथ्या गुणाची उणीव कोणास भासली नाहीं. ती वेळ १८९६ सालीं आली.

त्या वर्षाच्या सप्टेंबरांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं मांडवी भागांत ग्रंथिक सन्निपाताचा, म्हणजे प्लेगचा, रोगी ओळखला. ६ ऑक्टोबरला म्युनिसिपल कमिशनरांनीं जाहीरनामा काढून घरांत शिरण्याचा व रोग्यास सक्तीनें रुग्णालयांत नेण्याचा अधिकार आपल्या हातीं घेतला. सांथ कशी आवरावी याविषयींचें त्या काळचें ज्ञान लक्षांत घेतां या हुकुमाचा हेतु वाईट होता असें म्हणतां येणार नाहीं. परंतु लोकांच्या दृष्टीस काय पडलें? बिऱ्हाडांत परके पुरुष येतात, अंगाला हात लावून पाहतात, आणि घरचें माणूस उचलून आर्थर रोडच्या रुग्णालयांत नेतात. तेथून बहुधा प्रेतच परत येतें. रोगी अगदीं अखेरच्या अवस्थेंत तेथें पोंचत, म्हणून मृत्यु अधिक होत, ही गोष्ट दाराबाहेर ताटकळत उभ्या असलेल्या बायकोला किंवा आईला कोणीं समजावून सांगावी? सांगणारें माणूसच नव्हतें. मग जेथें खुलासा नाहीं तेथें अफवा शिरली. रुग्णालयांत माणसें मारतात, त्यांच्या अंगांतून मोमियाईचें तेल काढतात, अशा गोष्टी गिरणगांवांत बोलल्या जाऊं लागल्या. २९ ऑक्टोबर १८९६ रोजीं सुमारें हजार गिरणीकामगारांचा जमाव त्या रुग्णालयावर चालून गेला. दुसऱ्याच दिवशीं जाहीरनामा सौम्य करण्यांत आला, आणि ज्यांना घरीं वेगळें ठेवणें शक्य नाहीं तेवढ्यांनाच हलवावें असें ठरलें. पुढच्या कांहीं महिन्यांत शहराची जवळजवळ निम्मी वस्ती मिळेल त्या मार्गानें बाहेर पडली. रोगाचें भय तर होतेंच. पण रुग्णालयाचें भय त्याहून कमी नव्हतें.

हे कामगार अडाणी होते म्हणून त्यांनीं असें केलें, अशी या प्रकाराची मीमांसा त्या काळीं पुष्कळांनीं केली. ती अपुरी आहे. मनुष्य जेव्हां अंथरुणाला खिळतो तेव्हां त्याला सर्वांत आधीं हवें असतें तें आपल्या भाषेंतलें उत्तर. मला काय झालें आहे, माझें पुढें काय करणार, माझ्या माणसांना कळविलें आहे काय, एवढेच त्याचे प्रश्न असतात. सांथीच्या कामासाठीं पुढें इंग्लंडहून परिचारिका आणविण्यांत आल्या. त्या कष्टाळू होत्या व जिवावर उदार होऊन आल्या होत्या. पण रोग्याची भाषा आणि त्यांची भाषा यांमध्यें दुभाषाची भिंत होती, आणि जी वेदना मरणाऱ्याला स्वतःच्या आईपाशींही नीट सांगतां येत नाहीं ती दुभाषामार्फत काय सांगितली जाणार?

पुण्यांत तर प्रकरण हातघाईवर आलें. १८९७ च्या फेब्रुवारींत साथरोगांचा कायदा झाला, रँडसाहेबाची नेमणूक झाली, आणि घरझडतीला गोरे शिपाई आले. त्याचा शेवट २२ जूनच्या रात्रीं गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला हें सर्वश्रुत आहे. त्या गोळीबाराच्या आवाजांत त्या वर्षांतील दुसऱ्या कांहीं गोष्टी मात्र बुडून गेल्या. पंडिता रमाबाईंनीं मे महिन्यांत ‘बाँबे गार्डियन’ पत्रांत एक पत्र लिहून प्लेगच्या रुग्णालयांत व छावणींत स्त्रियांची कशी आबाळ होते व त्यांना कसें कोणी विचारणारें नसतें हें वेशीवर टांगलें. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांनीं तें सर्व खोटें ठरविलें. सरकारच्या बाजूनें नेहमीं बोलणारा कोणी असतो. रोग्याच्या बाजूनें बोलणारी त्या दिवसांत ही एक बाई निघाली.

त्याच पुण्यांत लोकमान्य टिळकांच्या खटपटीनें हिंदूंसाठीं स्वतंत्र प्लेग-रुग्णालय निघालें. मुंबईंतही १८९७-९८ च्या सुमारास निरनिराळ्या जातिजमातींनीं आपापलीं रुग्णालयें उघडलीं, आणि सरकारी रुग्णालयाच्या नांवानें दार लावून घेणारे लोक तेथें जाऊं लागले. औषध तेंच, रोगही तोच. फरक असा कीं तेथें रोग्याला ओळखीची भाषा ऐकूं येई व घरचें एखादें माणूस जवळ राहूं शके. आजारीपणांतही जातवार खोल्या कराव्या लागाव्यात ही आपल्या समाजाला भूषणावह गोष्ट नव्हे, हें येथें स्पष्ट सांगितलेलें बरें. पण रोगी जातीच्या पाठीमागें काय शोधीत होता इकडे दुर्लक्ष करून चालणार नाहीं.

या सर्व गडबडीपासून दूर, हडपसरजवळच्या ससाणे मळ्यांत सावित्रीबाई फुले यांचे चिरंजीव डॉ. यशवंतराव यांनीं रोग्यांसाठीं दवाखाना घातला होता. सावित्रीबाईंचें वय तेव्हां ६६ वर्षांचें. परिचर्येचें कोणतेंही प्रमाणपत्र त्यांच्यापाशीं नव्हतें. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनीं स्वतः उचलून दवाखान्यांत आणलें, त्यांतच त्यांना रोगाची बाधा झाली, आणि १० मार्च १८९७ रोजीं त्या वारल्या. ज्या रोग्याजवळून सख्खी माणसेंही पळत होतीं त्याला पाठीवर घेणारी ही वृद्ध स्त्री वाटेंत त्याच्याशीं काय बोलली असेल तें कोणीं लिहून ठेवलेलें नाहीं. लिहिण्याची आवश्यकताही नव्हती.

परंतु एखादी सावित्रीबाई पुऱ्या शहराला पुरत नाहीं. शिकलेला हात आणि ओळखीचा शब्द हीं दोन्ही एकाच व्यक्तींत आणावयाचीं, तर इकडच्याच स्त्रियांनीं हें काम शिकलें पाहिजे. मुंबईच्या कामा रुग्णालयांत, जें १८८६ सालीं केवळ स्त्रियांसाठीं व स्त्री-डॉक्टरांच्या हातीं सुरू झालें, डॉ. एडिथ पीची यांनीं परिचारिकांच्या शिक्षणाचा पाया घातला होता. तथापि ‘चांगल्या घरची’ म्हणविणारी हिंदु स्त्री त्या वाटेला जाईना. परक्याचें मलमूत्र काढावयाचें, जात पाहावयाची नाहीं, रात्रपाळी करावयाची, हें ऐकून लोक कानांवर हात ठेवीत. ही कोंडी पुण्याच्या सेवासदननें फोडली. १९०९ सालीं रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखालीं व गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साह्यानें निघालेल्या या संस्थेनें विधवांना ससून रुग्णालयांत परिचर्या शिकण्यास पाठविलें. टीका थोडी झाली नाहीं. संस्थेच्या एका समारंभांत केशवपन केलेली, लाल आलवणांतील एक विधवा बक्षीस घेण्यास उठली तेव्हां कॉलेजांतील तरुणांनीं हुर्यो केली, आणि रमाबाईंनीं त्यांना तेथल्या तेथें असें कांहीं सुनावलें कीं सभा गप्प झाली. हुर्यो करणाऱ्यांच्या घरींही अशी एखादी बहीण किंवा आत्या कोपऱ्यांत बसलेली असेल, हेंच त्यांनीं त्यांच्या पदरीं घातलें होतें.

या विधवांनीं रुग्णालयांत काय आणलें? ज्वर मोजणें, पट्टी बांधणें हें तर कोणतीही शिकलेली परिचारिका करी. पण यांच्या तोंडीं घरचें मराठी होतें, आणि दुःख म्हणजे काय हें त्यांना पुस्तकांतून शिकावें लागलें नव्हतें. खेड्यांतून आलेली बाई ज्या गोष्टी साहेबापुढें मरेपर्यंत बोलली नसती त्या अशा बाईपाशीं बोलण्यास तिला संकोच कमी वाटणें स्वाभाविक होतें. आजही रुग्णालयांत आयेला ‘मावशी’ व वॉर्डबॉयला ‘मामा’ म्हणतात, आणि परिचारिका म्हाताऱ्या रोग्यास ‘आजी’, ‘काका’ म्हणते. आपल्या लोकांनीं तें परकें घर हळूहळू नात्यांनीं सारवून घेतलें. ‘सिस्टर’ हा शब्दही तसाच रुळला. जोगिणींच्या मठांतून आणि इंग्रजी रुग्णालयांतून आलेला हा शब्द आतां खेड्यांतील म्हातारीच्याही जिभेवर आहे.

विलायतेंतही हा विचार नवा नव्हता. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनीं १८५९ सालीं छापलेल्या परिचर्येवरील पुस्तकांत पोकळ आशा दाखविणाऱ्या बडबडीवर एक सबंध प्रकरण खर्ची घातलें. रोग्याच्या पाठीमागून किंवा दारांतून बोलूं नये, त्याच्या समोर बसून बोलावें, त्याच्या खोलींत कुजबूज करूं नये, असे त्यांचे नियम होते. ‘काळजी करूं नका, सर्व ठीक होईल’ हें आपलें आवडतें वाक्य त्यांनीं ऐकलें असतें तर मुळींच खपवून घेतलें नसतें. कारण त्या वाक्यानें बोलणाऱ्याची सुटका होते आणि रोग्याचें तोंड बंद होतें. १९५२ सालीं अमेरिकेंतील हिल्डेगार्ड पेप्लाऊ यांनीं याच गोष्टीला शास्त्राचें रूप दिलें. परिचारिका रोग्यापुढें प्रथम एक परकी व्यक्ति म्हणूनच येते, विश्वास मागाहून जोडावा लागतो, हें त्यांच्या विवेचनाचें पहिलें पाऊल. ‘झोंप लागली ना?’ असें विचारलें कीं रोगी भिडेखातर ‘हो’ म्हणतो. ‘रात्र कशी गेली?’ असें विचारलें कीं तो रात्रीं छातींत आलेली कळ सांगतो. औषधाची मात्रा ठरते ती या दुसऱ्या उत्तरावरून.

नवी मुंबईला या विद्येची कसोटी २०२० सालीं द्यावी लागली. ज्या आर्थर रोडच्या रुग्णालयावर १८९६ सालीं जमाव गेला होता तें आज कस्तुरबा रुग्णालय म्हणून ओळखलें जातें, आणि मार्च २०२० मध्यें मुंबईंतील पहिले करोना-रुग्ण तेथेंच ठेवले गेले. इकडे खाडीच्या या बाजूला वाशी येथील सिडकोच्या प्रदर्शन-केंद्रांत महानगरपालिकेनें १२०० खाटांची सोय केली. आप्तांना आंत येण्यास बंदी. परिचारिका नखशिखांत झांकलेली. चेहरा दिसत नाहीं, आवाज मुसक्यांतून घोगरा येतो. घरच्या माणसाला तोडून नेण्याची १८९६ मधील भीति पुन्हां जशीच्या तशी उभी राहिली होती. अनेक ठिकाणीं परिचारिकांनीं त्या वेळीं आपलें नांव अंगावरच्या पोशाखावर मोठ्या अक्षरांत लिहिलें. उपाय साधा, पण झांकलेल्या चेहऱ्याला त्यामुळें पुन्हां एक नांव मिळालें.

या शहरांतील परिचारिकांत केरळच्या मुली पुष्कळ आहेत. मायभाषा मल्याळम्, शिक्षण इंग्रजींत, आणि खाटेवर उरणचा कोळी, पनवेलकडील आगरी म्हातारी, किंवा बिहारचा गवंडी. त्या मराठी शिकतात, बहुतेक रोग्यांपाशींच शिकतात, लिंग-वचनांत चुकतात, आणि म्हातारी हंसून त्यांची चूक दुरुस्त करते. त्या हंसण्यांत तिचें दुखणें दोन घटका हलकें होतें. पण त्या मुलीच्या माथीं सबंध वॉर्ड असेल, आणि एका खाटेपाशीं दोन मिनिटें उभें राहणें हा अपराध ठरत असेल, तर महाविद्यालयानें शिकविलेला तो विषय तिच्या वहींतच राहतो. उरणचा कोळी ‘बरें आहे’ म्हणून कुशीला वळतो, आणि त्याची रात्र कशी गेली हें कोणासच कळत नाहीं.