शब्द टाकणारा माणूस

इन्सुलीहून मुंबईच्या गिरणीत निघालेल्या पोराची परीक्षा गाव सोडण्याआधीच सुरू व्हायची. ग्रामदेवी माऊलीपुढे गाऱ्हाणं, चारचौघांचं 'व्हय म्हाराजा', मग वेंगुर्ल्याची बोट. सामानात काजूगर आणि सोलांची एक पिशवी असे. ती जॉबरसाठी.

माझे आजोबा असेच गेले. माझी नात परवा मोबाईलवर मुलाखतीचे धडे ऐकत होती : हात कसा मिळवावा, नजर कुठं ठेवावी. आजोबांना त्यांच्या मामानं एवढंच बजावलं होतं, "माझां नाव घालव नको." मामा साचेखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात होता. पोरगा कामचुकार निघाला तर जॉबर पोराला दोन शिव्या देई आणि मामाला चार. नव्या माणसाची अशी स्वतःची छाप नसेच. तो दुसऱ्याच्या अब्रूवर आत शिरे.

जॉबर म्हणजे भरती करणारा, काम शिकवणारा आणि काढून टाकणाराही. दस्तुरी घेई. कामगारांच्या स्थितीची चौकशी करणाऱ्या व्हिटली कमिशनच्या 1931 च्या अहवालात या लाचखोरीवर बरंच लिहिलेलं आहे. 1935 मध्ये गिरणीमालकांच्या संघानं बदली कार्डं काढली. महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरावीक माणसांना कार्ड मिळे. त्यांनी रोज सकाळी गिरणीत हजर राहायचं आणि कुणी गैरहजर असला तर त्याच्या जागी उभं राहायचं. नाहीतर परत खोलीवर. म्हणजे नोकरीचा पहिला दिवस पुनःपुन्हा यायचा, आणि दरवेळी नव्या साच्यावर.

त्या साच्यावर माणूस कळे तो गाठीवरून. ताण्याचा धागा तुटला की साचा थांबवायचा, टोकं शोधायची, गाठ मारून धागा फणीतून ओढायचा आणि साचा परत चालू करायचा. गाठ जाड राहिली तर फणीत अडकून धागा पुन्हा तुटे. जॉबर काही न बोलता मागं येऊन उभा राहतो आणि नेमके तेव्हाच हात थरथरतात, असं आजोबा सांगत.

धोट्याची गोष्ट मात्र ते घाईनं उरकत. नवी कांडी घातली की सुताचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. एकाचं उष्टं दुसऱ्याच्या तोंडी. तेवढ्या कारणावरून सवर्ण कामगारांनी दलितांना साचेखात्यात पाऊल ठेवू दिलं नाही, आणि चांगली मजुरी होती ती तिथंच. 1928 च्या मोठ्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. गाठ कितीही बारीक बसो, त्या पोरांना ती दाखवायला साचाच मिळत नव्हता. आमच्या घरी गिरणीच्या आठवणी रंगत, तेव्हा हे कुणी काढत नसे.

पुढं गिरणीत आजोबांच्या शब्दाला वजन आलं. सुट्टीत घरी आले की ओसरीवर आया पोरांना घेऊन बसत. ते पोराला नांगर धरायला लावत नि लांबून बघत. वाडीतल्या एकाला त्यांनी नाही म्हटलं. त्याला दारूची सवय होती. त्याच्या आईनं त्यानंतर आमच्या विहिरीचं पाणी भरणं सोडलं. आजी मरेपर्यंत आजोबांना म्हणायची, "एक शबुद टाकलो असतास तर काय झाला असता?"